माकुलाची साक्ष

युसुफ होडेकर बेचाळीस वर्षं समुद्रावर गेला आणि त्यातली सव्वीस वर्षं तांडेल म्हणून गेला. तांडेल म्हणजे बोटीवर ज्याचा शब्द शेवटचा. घरात शेवटचा शब्द हफीजाचा असे, आणि बहुतेक वेळा पहिलाही तिचाच. ही वाटणी दोघांना मानवली होती, कारण महिन्यातले वीस दिवस तो घरात नसेच.

मग छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली, आणि तो महिन्याचे तीसही दिवस घरात दिसू लागला. डॉक्टरांनी बजावलं होतं की दोन तासांत हॉस्पिटल गाठता येणार नाही अशा ठिकाणी जायचं नाही. हफीजाने तो सल्ला आणखी जरा आवळून बांधला. "मी मांडवीच्या पुळणीवर उभी राहिले की मला तुमची होडी दिसली पाहिजे," ती म्हणाली. "आणि होडीत तुम्ही दिसला पाहिजेत."

सात महिने त्याने हे पाळलं. छोट्या होडीतून जायचा आणि चार वाव पाण्यात गळ टाकून बसायचा. दोन्ही हात पसरले की या पंजापासून त्या पंजापर्यंत होतो तो एक वाव; म्हणजे चार वाव हे काही फार पाणी नव्हे. ज्याने चाळीस वावांवर जाळी ओढली त्याला चार वाव म्हणजे बादलीच. तो बादलीत बसल्यासारखा बसायचा आणि किनाऱ्यावरून हफीजा हात हलवायची.

आठव्या महिन्यात तन्वीर आला. तन्वीर हफीजाच्या बहिणीचा मुलगा. युसुफच्या हाताखाली शिकला आणि आता मिरकरवाड्याच्या बंदरात त्याची स्वतःची बोट होती. "खालू, माकूल लागत नाही हो," तो हळूच म्हणाला. "तुमची ती चाळीस वावांची जागा नेमकी कुठं?"

"सांगून कळायची नाही," युसुफ म्हणाला. "दाखवायला हवी."

आता दोन दिवस घराबाहेर राहायचं तर कारण हवं. कारण होतं दापोलीचा रावजी. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर होता, कृषी विद्यापीठात माळी होता, आता निवृत्त. युसुफने हफीजाला सांगितलं, रावजी फार आग्रह करतोय, दोन दिवस जाऊन येतो, एसटीने जाईन, एसटीने येईन. हफीजाला ही मैत्री पसंत पडली. झाडामाडांतला माणूस, समुद्राशी संबंध नाही. तिने रावजीच्या बायकोसाठी डबाभर नारळाच्या वड्या दिल्या.

परत येताना पुरावा हवा, म्हणून युसुफने रत्नागिरीतल्याच एका नर्सरीतून चिकूचं कलम घेतलं. दुसऱ्या खेपेला जायफळ. तिसऱ्या खेपेला दालचिनी. परसात जागा कमी पडू लागली. जायफळावर हफीजाचा विशेष जीव जडला. "रावजींचा हात चांगला आहे," ती म्हणे, आणि पुढच्या वेळी वड्या जरा जास्तच भरी.

अशा वेळी रुबिना आली.

रुबिना युसुफच्या थोरल्या भावाची मुलगी. आईबाप कुवेतला, म्हणून शाळेच्या वयात इथे राहायला आली ती इथलीच झाली. युसुफ-हफीजाला मूल नव्हतं, तेव्हा कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. आता ती पुण्यात जीवाश्मांवर पीएचडी करत होती. हुशार, मेहनती, जिवाला जीव देणारी पोर. एकच खोट, तिच्या पोटात तीळ भिजत नसे. लहानपणापासून युसुफने जे जे हफीजापासून लपवलं, ते ते रुबिनाने संध्याकाळच्या आत पोचवलं होतं.

ऑक्टोबरातली सकाळ होती. हफीजा स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून माकूल, म्हणजे ते शाई सोडणारं दहा पायांचं जनावर, साफ करत होती. बोटं शाईने काळी झाली होती. आतलं पांढरं हाड काढून तिने कचऱ्यात टाकलं, तसं रुबिनाने ते झडप घालून उचललं आणि नळाखाली धुतलं.

"गो, पोपट पाळलायस काय?" हफीजाने विचारलं. लोक ते हाड समुद्रफेन म्हणून पिंजऱ्यात अडकवतात, तेवढाच त्याचा उपयोग तिला ठाऊक होता.

रुबिनाने पिशवीतून एक वाटोळा, वळ्यावळ्यांचा दगड काढून तिच्यापुढे ठेवला.

"ही चकली कुणी जाळली?"

"चकली नाही गं चाची. अमोनाइट. या माकुलाचा लांबचा नातेवाईक. डोक्यालाच पाय फुटलेल्या प्राण्यांच्या घराण्यातला. सोळा कोटी वर्षांपूर्वी कच्छच्या जागी समुद्र होता, तेव्हाचा."

युसुफने तो हातात घेऊन फिरवला. एका कडेला अजून शिंपल्यासारखी चमक होती. "राहायचा कुठं? वर की तळाला?"

रुबिनाचे डोळे चमकले. "चाचा, मी चार वर्षं याच प्रश्नावर घालवलीत, आणि तुम्ही तो एका दमात विचारलात. दगड कुठे सापडला त्यावरून कळत नाही. मेल्यावर रिकामं कवच तरंगत कुठेही जातं. पण कवच स्वतः सांगतं." आणि तिने सांगितलं. पाण्यातला ऑक्सिजन सगळा एका वजनाचा नसतो. बराचसा हलका असतो, थोडा जड. कवच वाढताना दोन्ही त्यात जाऊन बसतात, आणि पाणी गार असेल तर जडाचा वाटा किंचित वाढतो. कवचाचा चिमूटभर भुगा यंत्रात घातला की ते वाढलं तेव्हा पाणी किती गार होतं ते कळतं. आणि समुद्रात खाली जावं तसं पाणी गार होत जातं.

"त्याला यंत्र कशाला?" युसुफ म्हणाला. "पाय बुडवला की कळतं."

"सोळा कोटी वर्षांपूर्वी पाय बुडवायला कोण होतं?"

"हे होते की," हफीजा मान वर न करता म्हणाली. "विचार त्यांना. तेव्हाची मासळी किती ताजी असायची ते सांगतील."

रुबिनाची अडचण अशी होती की तिच्या गाइड मॅडम म्हणत होत्या, ही पद्धत आधी आजच्या जिवंत नातेवाइकावर खरी करून दाखव, मग सोळा कोटी वर्षं मागे जा. त्यासाठी तिला माकुलाची बारा हाडं हवी होती. प्रत्येकाबरोबर चिठ्ठी हवी होती, आणि चिठ्ठीवर तारीख, जागा, किती वाव पाणी.

"तन्वीरला सांगतो," युसुफ लगेच म्हणाला.

"नाही हं. तन्वीरभाई चार दिवसांची मासळी एकत्र करतो. ज्याने स्वतःच्या हाताने काढलं आणि पाणी स्वतः मोजलं, त्यानेच लिहायचं. तुम्ही होडीतून जाता ना? तुम्हीच द्या. तुमच्याइतका पाण्याचा अंदाज कुणाला आहे?"

आता यावर माणूस काय बोलणार? युसुफ फुलून गेला आणि हो म्हणाला.

महिनाभर तो चार वावांत गळ टाकून बसला. पाच माकुलं मिळाली, तीही तळहाताएवढी. दिवाळीच्या सुट्टीत रुबिना न्यायला येणार. मधे एकदा तो पुन्हा 'दापोलीला' जाऊन आला, तेव्हा चाळीस वावांवरच्या जाळ्यातून त्याने स्वतः सात माकुलं वेगळी काढली होती. हाडं अशी देखणी, की एकेक विटीएवढं. ती फेकवेनात. पाचच द्यावीत हेही बरं दिसेना.

तो चिठ्ठ्या लिहायला बसला. जागेबद्दल खोटं बोलणं त्याला नवं नव्हतं. चांगली जागा दुसऱ्याला कळू न देणं हा प्रत्येक तांडेलाचा धर्मच. पण पाणी किती, याबद्दल तो आजवर कुणाशी खोटं बोलला नव्हता. त्याने बोटी आपटतात. सात चिठ्ठ्यांवर 'मांडवी, चार वाव' असं लिहिताना पेन जरा अडखळलं. तारखाही दोन दिवस पुढच्या टाकाव्या लागल्या, कारण खऱ्या तारखांना तो दापोलीत होता. हाडंच ती, तो मनात म्हणाला. हाड काय बोलणार आहे?

रुबिना बाराही हाडं कापसात गुंडाळून घेऊन गेली.

यंत्राला पुण्यात लांब रांग होती. दिवाळी गेली, उन्हाळा गेला, पाऊस येऊन गेला. सप्टेंबरात रुबिना आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. चहासुद्धा तिने अर्धा ठेवला. हफीजा तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला सारलं. "काय झालं गो?"

रुबिनाने लॅपटॉप उघडला. पडद्यावर बारा ठिपके होते. पाच वर, एकमेकांना चिकटून. सात खाली.

"हे पाच बघ. अठ्ठावीस-एकोणतीस डिग्री. मांडवीचं पाणी बरोबर तेवढंच असतं. आणि हे सात म्हणतात, आम्ही बावीस डिग्रीत होतो." तिने कपाळाला हात लावला. "सगळी त्याच चार वावांतली. मग एकाच पाण्यातली माकुलं दोन गोष्टी सांगत असतील, तर यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा? आणि इथेच चुकत असेल तर माझ्या अमोनाइटांनी जे सांगितलं तेही चूक."

युसुफने कप खाली ठेवला. "माकूल फिरतं गो," तो म्हणाला. "खोलातून आलं असेल पाहुणं म्हणून."

"ते मी धरलंय चाचा. हाडात पापुद्रे असतात, काही दिवसांनी एकेक नवा चढतो. मी शेवटचे चार घेतले. म्हणजे पकडायच्या आधी काही दिवस ते गार पाण्यातच होतं."

"मग रातोरात आलं असेल."

"सातही? एकाच वेळी?"

"लग्नाला आली असतील," हफीजा म्हणाली. "बावीस डिग्री म्हणजे गो किती खोल?"

"चाळीस वावांच्या आसपास."

हफीजा "हं" म्हणाली आणि पुन्हा सूप ओढलं. तिच्या "हं"ला अर्थ होता की नव्हता ते युसुफला कळेना. त्याने अंगणाकडे पाहिलं. अंगणाच्या टोकाला जायफळ तरारून आलं होतं.

"मॅडम म्हणाल्या, एक तर चिठ्ठ्या चूक, नाही तर पद्धत चूक," रुबिना सांगत होती. "मी म्हटलं, मॅडम, चिठ्ठ्या माझ्या चाचांच्या आहेत. बेचाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस आहे, पाण्यात एका वावाची चूक करणार नाही. तेव्हा पद्धतच चूक. अमोनाइटांचं प्रकरण मी प्रबंधातून काढून टाकते." ती बोलता बोलता टाइप करत होती. "मेल लिहिलाय. पाठवते आणि मोकळी होते."

युसुफ तिच्या बोटांकडे बघत राहिला. त्याला दिसलं, की पोरीने आपल्या पाच वर्षांच्या कामापेक्षा त्याचा शब्द वजनदार मानला होता. तराजूत एका बाजूला सोळा कोटी वर्षांचा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या सात चिठ्ठ्या, आणि तिने चिठ्ठ्यांचं पारडं खाली धरलं होतं. छातीत दुखलं तेव्हाही त्याला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"थांब," तो म्हणाला.

रुबिना थांबली. हफीजाही थांबली.

"चाळीस वाव. सातही. तन्वीरच्या बोटीवर. मी स्वतः काढली. यंत्र बरोबर आहे."

रुबिना अशी किंचाळली की शेजारच्या कौलावरचे कावळे उडाले. तिने चाचाच्या गळ्यात हात टाकले, सोडले, पुन्हा टाकले. "बावीस डिग्री! चाचा, बावीस डिग्री बरोबर आलं! तुम्हाला कळतंय का, मला ठाऊक नसताना आलं! तुम्ही खोटं लिहिलंत आणि हाडाने खरं सांगितलं!"

"कळतंय," युसुफ म्हणाला. त्याचं लक्ष हफीजाकडे होतं.

हफीजाने सुपातला एक खडा वेचला, नीट बघितला, फेकला. "किती वेळा?"

"चार."

"म्हणजे दापोली..."

"रावजी आहे," तो घाईने म्हणाला. "तो खरा आहे. फोन करतो मी त्याला कधी कधी."

"आणि जायफळ?"

"नाक्यापलीकडच्या नर्सरीतलं."

हफीजाचा चेहरा आत्ता कुठे बदलला. बोटीचं तिने ऐकून घेतलं होतं. हे घेतलं नाही. "चार डबे वड्या," ती म्हणाली. "मी चार डबे वड्या दिल्या त्या बाईला. चौथ्यात केशर घातलं होतं. त्या कुठं गेल्या?"

"बोटीवर," युसुफ म्हणाला. खरं बोलायचं एकदा ठरवलं होतं. "सगळ्यांना फार आवडल्या."

त्यानंतर हफीजा आठ दिवस त्याच्याशी थेट बोलली नाही. जे काय बोलायचं ते रुबिनामार्फत. "तुझ्या चाचांना विचार, भात वाढू का. चार वाव वाढू की चाळीस?" तन्वीरला तिने फोनवर काय सांगितलं ते कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तो दोन किलो सुरमई घेऊन आला आणि दाराबाहेरच ठेवून गेला.

रुबिनाने मात्र मॅडमना लगेच कळवलं होतं, आणि उत्तर वाचून तिचा उत्साह निम्मा झाला. मॅडमनी लिहिलं होतं: मला खूप हसू आलं, आणि मला खरंही वाटतंय. पण निकाल बघून बदललेली चिठ्ठी हा पुरावा होत नाही. उद्या कुणीही म्हणेल, आकड्याला साजेशी जागा लिहिली. नवे नमुने घे. पाण्याचं तापमान तिथल्या तिथे मोज. चिठ्ठ्या आधी बंद करून माझ्याकडे पाठव, आणि यंत्र चालवणाऱ्याला फक्त नंबर दे.

"म्हणजे कुणीतरी चाळीस वावांवर जायला हवं," रुबिना म्हणाली.

युसुफ वाक्य संपायच्या आत उठला होता.

"रुबिना," हफीजा म्हणाली, "तुझ्या चाचांना सांग, बसा."

तो बसला.

"तू जा," हफीजा पुढे म्हणाली. "हाडं तुझी, यंत्र तुझं, समुद्र काय यांच्या एकट्याच्या नावावर आहे?"

रुबिनाचा चेहरा पडला. तिने आयुष्यात समुद्राविषयी पुष्कळ वाचलं होतं, पण बोट लागायला तिला बोटीत बसावंच लागत नसे. नुसता डिझेलचा वास पुरे. तन्वीरनेही फोनवर आढेवेढे घेतले, बोटीवर मुलगी, खलाशी काय म्हणतील. तेव्हा युसुफने फोन घेतला आणि आपल्या जुन्या आवाजात एवढंच म्हटलं, "खलाशांना काय म्हणायचं ते वड्या खाताना म्हणून झालंय. पोर येतेय. केबिन धुऊन ठेव." तन्वीर "हो खालू" म्हणाला.

चार दिवस अंगणात शिकवणी चालली. युसुफने तिला पाय कसे फाकून उभं राहायचं ते शिकवलं; नजर लाटेवर नको, दूरच्या रेघेवर ठेव; पोट रिकामं नको; आल्याचा तुकडा गालात धर. हफीजाने आल्याबरोबर आमसुलांची पुडी बांधून दिली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, पहाट उजळताना, रुबिना गालात आलं धरून बोटीवर चढली. तिच्या गळ्यातल्या पिशवीत बोटभर लांबीचं एक यंत्र होतं, दोरीला बांधून सोडलं की दर मिनिटाला पाण्याचं तापमान टिपून ठेवणारं.

साडेदहापर्यंत तिचे मेसेज येत होते. 'ठीक आहे.' 'एकदा उलटी.' 'दोनदा.' मग रेंज गेली.

युसुफने दहा मिनिटांनी फोन बघितला. मग पाच मिनिटांनी. मग तो पुळणीवर जाऊन उभा राहिला. समुद्र तेलासारखा शांत होता, वारा मंद, आकाशात एक ढग नाही. असल्या हवेत त्याने स्वतः डोळे मिटून बोट नेली असती. तरी त्याला आठवू लागलं की तन्वीरच्या जाळं ओढायच्या विंचची दोरी जुनी आहे, की डाव्या अंगाचा कठडा बुटका आहे, की गेल्या वर्षी इंजिन एकदा बंद पडलं होतं. त्या वेळी त्याला ते काहीच वाटलं नव्हतं. घरी येऊन तो जेवायला बसला आणि न जेवता उठला.

"उद्या संध्याकाळी येतील," हफीजा म्हणाली. आठ दिवसांनी ती पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलत होती, पण त्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

"उद्या संध्याकाळ फार लांब आहे."

"बेचाळीस वर्षं," ती म्हणाली. एवढंच.

त्याने तिच्याकडे वळून विचारलं, "तू काय करायचीस?"

"गोधड्या धुवायचे."

"गोधड्या?"

"घरातल्या सगळ्या. धुतलेल्यासुद्धा. गोधडी भिजली की जड होते, हात दुखतात, डोकं चालत नाही. तुम्ही यायचात आणि म्हणायचात, वा हफीजा, घर कसं लख्ख आहे." तिने त्याच्याकडे बघितलं. "मला वाटायचं, या माणसाला कुणी सांगावं."

युसुफ आत गेला, माळ्यावरची ट्रंक त्याने उघडली आणि दोन गोधड्या खांद्यावर टाकून विहिरीकडे निघाला.

"अहो, छातीला जपा! एकेक न्या!" हफीजा मागून ओरडली आणि तिसरी घेऊन त्याच्यामागे गेली. "आणि तशी नाही पिळायची. इतकी वर्षं दोर ओढलेत ना? धरा ते टोक."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होडेकरांच्या अंगणात सात गोधड्या वाळत होत्या. शेजारच्या मथुराबाईंनी कुंपणावरून विचारलं, "घरात लग्नबिग्न काढलंत की काय?" "नाही," हफीजा म्हणाली, "यांची शिकवणी काढलीय."

बोट संध्याकाळी पाचला लागली, तेव्हा युसुफ आणि हफीजा धक्क्यावरच उभे होते. रुबिना धक्क्यावर उतरली ती कच्च्या कैरीच्या रंगाची होऊन. तिचे पाय जमिनीवरही डुलत होते, ओढणीला शाईचे डाग होते, आणि हातात पंधरा हाडांची पिशवी होती, एकेकाची चिठ्ठी जागच्या जागी चिकटवलेली. "अडतीस वाव," तिने उतरता उतरता सांगितलं. "बावीस पॉइंट तीन. चाचा, मी स्वतः दोरी सोडली. वर एकोणतीस, आणि खाली जाता जाता असं झपकन उतरलं ना! तन्वीरभाईने आकडा बघून कानाला हात लावले." मग ती कठड्याला धरून खाली बसली. "मी आयुष्यात पुन्हा बोटीवर पाय ठेवणार नाही. अमोनाइट बरे. ते दगड झालेत, डुलत नाहीत."

तन्वीर हफीजाची नजर चुकवत युसुफला म्हणाला, "पोर खंबीर आहे खालू. सतरा उलट्या, पण वही सोडली नाही."

"सतरा?" युसुफने मोठ्याने विचारलं.

"मोजल्या आम्ही."

मार्चमध्ये रुबिनाचा व्हिडिओ कॉल आला. पंधराही हाडांनी पाऊण डिग्रीच्या आत खरं सांगितलं होतं. मॅडमनी कपाटातून चिठ्ठ्या काढून आकड्यांशेजारी ठेवल्या आणि नुसती मान हलवली. त्या मान हलवण्यासाठी रुबिना पाच वर्षं थांबली होती. अमोनाइटांचं प्रकरण शाबूत राहिलं. त्यांच्या कवचांतलं पाणी त्याच दगडाच्या थरातल्या, तळाला राहणाऱ्या शिंपल्यांच्या पाण्याशी जुळत होतं. म्हणजे निदान त्या थरातले तरी तळाजवळ वावरणारे होते. एक मोठा तेवढा निराळा होता. त्याचं अगदी आतलं, लहानपणीचं वळं उबदार पाण्यातलं होतं, आणि पुढची वळी गार होत गेली होती.

"म्हणजे लहानपणी वर खेळला आणि वाढला तसा खोलात गेला," रुबिना म्हणाली.

"आमच्याकडे उलटं आहे," हफीजा पडद्यात तोंड घालून म्हणाली. "वय झालं की वर यायचं असतं. ऐकलंत?"

"ऐकलं," युसुफ म्हणाला. तन्वीरची बोट दोन दिवसांपूर्वी गेली होती आणि युसुफ घरी होता. त्यात त्याला फार आनंद होता असं नाही. पण दोरीचं टोक कुणीतरी दुसरं धरू शकतं, हे आता त्याला ठाऊक होतं.

"प्रबंधात शेवटी आभार असतात, ते वाचते," रुबिना म्हणाली. "'नमुने गोळा करताना साहाय्य केल्याबद्दल तन्वीर यांचे, आणि सात चुकीच्या चिठ्ठ्या देऊन या पद्धतीची नकळत परीक्षा घेतल्याबद्दल माझे काका युसुफ होडेकर यांचे.'"

"हे छापणार?" युसुफ दचकला.

"मॅडमना फार आवडलं."

"आणि माझं नाव?" हफीजाने विचारलं. "ते पहिलं हाड कुणाच्या कचऱ्यातलं होतं?"

रुबिनाने जीभ चावली आणि तिथल्या तिथे ओळ घातली. हफीजाने ती तीनदा वाचून घेतली. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर ती म्हणाली, "त्यात वड्यांचं काहीच नाही."

"प्रबंधात वड्या कशा घालू गं चाची?"

"माकूल घातलंस ना?"

रुबिना हसत हसत पुन्हा टाइप करू लागली.